थायरॉईडची गोळी बंद करू नका, आणि चहाबरोबर तर घेऊच नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात "थायरॉईड मुळापासून बरा, गोळी कायमची बंद" अशी जाहिरात बघितली आणि त्याआधीपण दोन-तीनदा बघितलीय, तेव्हापासून हे पत्र लिहायचं डोक्यात होतं. कारण या अशाच एका वाक्यावर विश्वास ठेवून मी माझी गोळी बंद केली होती आणि काय झालं ते मला माहितीय.

मी विश्रामबागला राहते, वय ५२, मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहायला जाते. २०१७ चा एप्रिल होता, सांगलीचा एप्रिल कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको, घरातले सगळे पंख्याखाली नुसत्या फरशीवर झोपायचे आणि मी गोधडी घेऊन. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे, आवाज घोगरा झालेला, पोट साफ व्हायचं नाही, पाळीत अंगावरून खूप जायचं आणि दुकानात हळदीच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीची बिलं, लिहिताना बेरजा चुकायला लागल्या, ज्या इतक्या वर्षात कधी चुकल्या नव्हत्या. घरात सगळे म्हणायचे पाळी जायची वेळ जवळ आली, होतं असं, मीपण आठ-दहा महिने तेच धरून बसले. मग मिरजेला दाखवलं, रक्ताच्या तपासणीत टीएसएच आला ३८, थायरॉईड कमी पडायला लागला की हा आकडा वाढतो. तो साधारण चारच्या आसपास किंवा त्याच्या आत पाहिजे. अँटी टीपीओ म्हणून एक टेस्ट असते, थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची, तीपण खूप वाढलेली. डॉक्टर म्हणाले हा हाशिमोटो आहे.

नाव ऐकून मी घाबरलेच. ते एका जपानी डॉक्टरांचं नाव आहे, त्यांनी १९१२ मध्ये चार पेशंटच्या ग्रंथींबद्दल लिहून ठेवलं आणि त्या चारही बायकाच होत्या. आपल्याकडेपण पुरुषांपेक्षा बायकांनाच जास्त होतो. यात काय होतं तर जी यंत्रणा जंतूंपासून आपली राखण करते तीच गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीवर उठते, कुंपणानेच शेत खावं तसं, आणि वर्षानुवर्षं ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. गोळी त्या भांडणावर नसते, ग्रंथी जे हार्मोन बनवायची ते बाहेरून भरून काढायला असते. म्हणून "बरं वाटलं की बंद करू" हा हिशेबच बसत नाही. हे एवढं मला कुणी आधी नीट सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं.

गोळीने दोन-अडीच महिन्यात मला चांगलं वाटायला लागलं होतं. वजन मात्र फार उतरलं नाही आणि त्याच नादात मोबाईलवर ओळख झालेल्या एका डाएटवाल्या बाईंकडनं तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं. गव्हाची चपाती बंद, कोबी फ्लॉवर बंद, दूध बंद, समुद्री शेवाळाची पावडर चालू, केसांच्या गोळ्या चालू आणि डॉक्टरांची गोळी "हळूहळू सोडा". मी सोडली. तीन महिन्यांनी तोंड सुजलेलं, जिना चढताना दम, कोलेस्टेरॉल वाढलेलं आणि टीएसएच पहिल्यापेक्षाही वर गेलेला. शेवाळाचं डॉक्टरांनी नंतर समजावलं, आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो म्हणून आपल्या मिठात आयोडीन घालतात ते बरोबरच आहे, पण माझ्या आजारात आयोडीनची कमतरता हे कारणच नव्हतं आणि वरनं जास्तीचं घेतलं तर अशी ग्रंथी आणखी बिघडू शकते. कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीएवढं खाल्लं तर काही होत नाही. गहू ज्यांना खरंच सोसत नाही, म्हणजे सिलिअ‍ॅक आजार आहे, त्यांनी सोडायलाच पाहिजे, बाकीच्यांनी गहू सोडून थायरॉईड बरा होतो असं काही नाही, आणि आपल्याकडे ज्वारीची भाकरी तशीपण रोज आहेच की.

पण मला सगळ्यात जास्त लिहायचंय ते याच्या पुढचं. गोळी परत चालू केली, ७५ मायक्रोग्रॅम, एक दिवस चुकवली नाही, तरी टीएसएच ११ च्या खाली येईना. डोस वाढवायचं चाललं होतं. तेव्हा मिरजेतल्या दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं, ताई गोळी घेता कशी ते सांगा. इतक्या दिवसात मला हे कुणीच विचारलं नव्हतं! मी सांगितलं, सकाळी चहाबरोबर, मग नाष्ट्याबरोबर कॅल्शियम आणि लोहाची गोळी, पित्त असेल तर पित्ताची. त्या म्हणाल्या अहो मग ती अंगी कशी लागेल. ही गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढचा अर्धा ते एक तास चहा नाही दूध नाही काही नाही, आणि कॅल्शियम, लोह, पित्ताचं औषध यांच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर ठेवायचं. डोस तोच ठेवून वेळ बदलली आणि दोन महिन्यांनी टीएसएच ३ आला. तोच डोस!

आता आपल्या घरातल्या बाईची सकाळ बघा. उठल्या उठल्या सगळ्यांचा चहा ठेवायचा, त्यात स्वतःचा अर्धा कप, मग डबे. त्यात एक तास रिकामा कुठून काढायचा. मी असं केलं, आमच्याकडे पहाटे पाचला नळाला पाणी येतं तेव्हा उठावंच लागतं, तेव्हाच गोळी घेते आणि चहा सहाला. ज्यांना जमत नाही त्यांना डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तास सोडून घेता येते. चतुर्थीला, नवरात्रातपण गोळी घ्यायचीच, पाण्याबरोबरची गोळी उपवास मोडते असं मी तरी मानत नाही. २०१९ च्या महापुरात आम्ही चार दिवस नातेवाइकांकडे होतो आणि बाटली घरीच राहिली, मी रडकुंडीला आले होते, पण हे औषध शरीरातून हळू उतरतं, अर्धं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून तेवढ्याने काही बिघडलं नाही. आणि म्हणूनच डोस बदलल्यावर दीड-दोन महिन्यांनीच टेस्ट करतात, आठ दिवसात करून उपयोग नाही.

केसांच्या गोळ्यांचं एक सांगायचं राहिलं. त्यात बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं आणि त्यामुळे काही लॅबच्या मशीनवर टीएसएच खोटाच कमी दिसतो. माझ्या जावेचा असा रिपोर्ट आला, तिचा डोस कमी होणार होता, पण बायोटिन चार दिवस बंद ठेवून परत टेस्ट केली तेव्हा खरा आकडा कळला. सेलेनियम नावाच्या खनिजाच्या गोळ्यांनी अँटीबॉडीचा आकडा काही जणांचा उतरतो पण पेशंटला त्याने बरं वाटतंच असं सिद्ध झालेलं नाही आणि जास्त झालं तर त्यानेच केस गळतात. डी आणि बी १२ व्हिटॅमिन मात्र माझं खरंच कमी होतं, टेस्ट करून घेतलं आणि त्याचा फायदा झाला. म्हणजे मी सप्लिमेंटच्या विरोधात नाहीये, टेस्ट न करता आणि डॉक्टरांना न सांगता घेण्याच्या विरोधात आहे. आणि ज्या मुलींना दिवस गेलेत त्यांनी तर लगेच डॉक्टरांना सांगा, तेव्हा बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो, बाळाच्या मेंदूचा प्रश्न असतो.

सांगली-मिरजेतल्या मेडिकलवाल्यांना माझी विनंती आहे, बाटलीवर मराठीत एक चिठ्ठी चिकटवा, "उपाशीपोटी, फक्त पाण्याबरोबर, एक तास चहा नाही, कॅल्शियम-लोह चार तासांनी." आणि संपादकसाहेब, तुम्हाला विनंती की गोळी बंद करायला सांगणाऱ्या जाहिराती छापू नका, आणि पहिल्या पानावर नको, आतल्या पानावर का होईना, ही चिठ्ठी एकदा चौकटीत छापा.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली