विषय : नव्या आवृत्तीने विसकटलेले पुस्तक आणि ‘विंडो बंद करा’ हा सल्ला

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग यांस,

आपल्या मदतकेंद्राशी चौथे आणि माझ्यापुरते शेवटचे संभाषण आटोपून हे पत्र लिहीत आहे.

आपल्या पृष्ठरचना प्रणालीची नवी आवृत्ती बसवताच आमच्या पुस्तकातील प्रत्येक परिच्छेदाच्या भाषेची नोंद, जिच्यावरून फॉन्ट अक्षरांची रूपे निवडतो, मराठीऐवजी हिंदी झाली. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श जाऊन त्यांची हिंदी रूपे आली, अक्षरांच्या रुंद्या बदलल्याने ओळी भलत्या जागी तुटल्या आणि २२४ पानांचे, म्हणजे बरोबर चौदा फर्म्यांचे (फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेली सोळा पाने), पुस्तक २२७ पानांवर गेले. त्या तीन पानांसाठी वेगळा तुकडा छापून बांधणीत घालण्याचा खर्च कोणी करायचा, हे आपणच सांगावे. मराठी ल आणि श कसे असावेत, हे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात स्पष्ट केले आहे. ते एव्हाना आपल्या कानावर गेले असेल, अशी माझी भाबडी समजूत होती.

आता कालचे संभाषण. ८७ व्या पानाच्या माथ्यावर मागील परिच्छेदातला ‘होते.’ हा एकच शब्द एकटा येऊन बसला आहे, असे सांगून मी ‘विडो’ची (छपाईच्या भाषेत अशी एकटी पडलेली शेवटची ओळ; शब्दशः ‘विधवा’) तक्रार केली. प्रतिनिधी म्हणाले, “विंडो बंद करून पुन्हा उघडा.” मी म्हणालो, विंडो नव्हे, विडो. थोड्या शांततेनंतर उत्तर आले, “सर, व्यक्तिगत बाबतीत आम्ही मदत करू शकत नाही.” हा शब्द माझ्या घरातला नाही, महोदय; तो आपल्या प्रणालीच्या मेन्यूत आपणच छापला आहे. अशी ओळ टाळण्याची सोय आमच्या सर्व परिच्छेद-शैलींत चालू होती, नव्या आवृत्तीने तीही बंद केली.

त्यानंतर अकरा मिनिटे बासरी ऐकवून फोन वरिष्ठांकडे गेला. त्यांचा तोडगा असा, की लीडिंग, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचे अंतर, १८ वरून १५ पॉइंट करावे, पाने आपोआप कमी होतील. १३ पॉइंटच्या मजकुराला १८ पॉइंट लीडिंग आम्ही कागद उधळण्याच्या हौसेने देत नाही. तरीही करून पाहिले : वरच्या ओळीतल्या ‘गुरू’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘कीर्ती’च्या रफारावर टेकला आणि दोन्ही शब्दांची रया गेली. लीडिंग हे नाव ज्या शिशाच्या पट्ट्यांवरून पडले, त्या माझ्या वडिलांनी आयुष्यभर ओळीओळींमध्ये हाताने बसवल्या. त्यांच्या खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांनी, रातोरात भाषा बदलल्याचे मला तरी आठवत नाही.

पुन्हा सांगतो, आमच्या मजकुराची भाषा मराठी होती. ती हिंदी आपण केली. ‘तुमचा फॉन्ट मराठी आहे ना?’ हा प्रश्न पाचव्यांदा विचारू नये. फॉन्ट तोच आहे आणि जुन्या आवृत्तीत तो नीट चालत होता.

जुनी आवृत्ती पुन्हा बसवण्याची परवानगी आणि २२४ पानांच्या दुसऱ्या मुद्रितशोधनाचा खर्च आठ दिवसांत मिळावा. अन्यथा वर्गणीचे नूतनीकरण होणार नाही, आणि पुढचे पत्र वकिलांकडून येईल. नऊ वर्षे ज्यांची शिफारस मी प्रत्येक लहान प्रकाशकाकडे केली, त्यांना हे लिहावे लागावे, याचा खेद वाटतो. उत्तर देणाऱ्याने त्याआधी आपल्याच मेन्यूतला तो शब्द एकदा वाचावा, एवढी विनंती.

कळावे,
एक वर्गणीदार प्रकाशक