निळूभाऊ म्हणजे फक्त वाडा नव्हे

महोदय,
मोबाइलवर रोज कुणीतरी निळू फुले यांचा तिरका डोळा दाखवून ‘बाई, वाड्यावर या’ पाठवतो. हसू येतं, नाही असं नाही. पण नातवाला निळूभाऊ तेवढेच ठाऊक, हे मात्र खटकलं.

पुण्यात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला हा नट. १९६८च्या ‘एक गाव बारा भानगडी’तल्या झेलेअण्णांनी त्यांना पडद्यावर नाव दिलं आणि खलनायकाचा शिक्काही. त्याच माणसाने १९७२ साली रंगभूमीवर विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ नाटकातला पहिला सखाराम उभा केला. ‘सामना’ चित्रपटातला त्यांचा हिंदुराव तर मास्तरला दारू पाजताना आवाजही चढवत नाही, आणि म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते. समोर मास्तरच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू होते, दोघांपैकी कुणाकडे बघावं ते कळत नाही. ‘सिंहासन’ चित्रपटातला त्यांचा पत्रकार दिगू टिपणीस तर नातवाला ओळखूच आला नाही. ‘हे तेच?’ म्हणाला.

दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने निळूभाऊंचे निवडक चित्रपट सलग आठवडाभर, रात्री नऊच्या सुमारास दाखवावेत. मध्यरात्री नकोत, आम्हाला जागवत नाही.

– एक ज्येष्ठ प्रेक्षक, पुणे