नानासाहेबांच्या नळाला पाणी होतं, साहेब

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पुण्यात प्राचीन जलविद्येच्या प्रदर्शनाचं उद्घाटन आपल्या शुभहस्ते झालं. मी सातव्या रांगेत निवेदन घेऊन बसलो होतो. आपण ते हसतमुखाने घेतलंत, फोटो निघाला, मग ते पीएंच्या हातात गेलं आणि तिथून पुष्पगुच्छाखाली. त्याबद्दल काही म्हणणं नाही, निवेदनांचं तेच होत असतं. म्हणणं आहे ते दुपारबद्दल.

आपल्या ताफ्यासाठी रस्ता अडवला आणि आमच्या सोसायटीचा टँकर पावणेदोन तास उन्हात उभा राहिला. घरात तांब्याभर पाणी नव्हतं. कोपऱ्यावरून वीस लिटरचा जार आणला, तिसऱ्या मजल्यावर चढवताना जिन्यात पाय सटकला आणि डावं मनगट मोडलं. वय 68. जार फुटला नाही ना, हे सौभाग्यवतींनी आधी पाहिलं आणि मग माझ्याकडे वळल्या. मी तिला दोष देत नाही. उन्हाळ्यात आम्हाला रोज दोन टँकर लागतात, चौदाशेला एक. तीन महिन्यांचे झाले अडीच लाख. दोन-पाच हजार इकडेतिकडे असतील, एका हाताने हिशेब मांडलाय.

गेल्या वर्षी आंबेगावात येऊन आपण माईकवर सांगितलं होतंत, "गणपतीच्या आत नळाला पाणी येईल." गणपती आले आणि गेले. बाप्पांना निरोप दिला तोही टँकरच्या पाण्याने भरलेल्या हौदात. 2017 साली आमचं गाव शहरात घेतलं, तेव्हापासून कराची बिलं मात्र एकदाही चुकलेली नाहीत.

आता आपल्या भाषणाकडे येतो. पन्नास मिनिटं बोललात. मी तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना पाइपाला आटे पाडायला शिकवलं, त्यामुळे कात्रजच्या नळाचा विषय निघाला तेव्हा खरंच कान टवकारले. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. मोटर नाही, पंप नाही, काम सगळं उताराचं. जमिनीखालचा नळ इतका ऐसपैस की माणूस आत उतरून गाळ काढू शकेल. वाटेत जागोजागी उच्छ्वास, कोंडलेली हवा बाहेर पडायला. पेठापेठांत हौद. माझ्या हाताखालच्या एकाही पोराला असा उतार साधला नसता आणि मलाही नाही. हे मी मनापासून लिहितो, टोमणा नाही.

टोमणा पुढे आहे. आपल्या प्रदर्शनातल्या त्या नळाच्या प्रतिकृतीत कारंजं उडत होतं ते टेबलाखालच्या विजेच्या मोटरवर. मी वाकून पाहिलं. ज्या गोष्टीचं कौतुक करायचं, तीच तेवढी काढून टाकली होतीत!

मग आपण सुश्रुतावर आलात. बरोबर आहे, नाकाची शस्त्रक्रिया आपल्याकडे होतच होती, तीही आपल्या पुण्यात. इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवाला कावसजी, टिपूच्या माणसांनी त्याचं नाक कापलं होतं. 1793 च्या सुमारास पुण्याजवळ त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं गेलं. लंडनच्या एका मासिकात 1794 साली ती हकीकत छापून आली आणि तिकडच्या डॉक्टरांनी त्यावरून धडे घेतले. नाक बसवणारा कोण होता? विटा पाडणाऱ्या जातीतला एक कारागीर. भाषणात तो कुठे आला नाही. त्याचं नाव त्या वेळीही कुणी नीट टिपून ठेवलं नाही. आपण थेट प्राचीन विमानात बसलात. 'वैमानिक शास्त्र' या विमानविद्येच्या ग्रंथाची 1974 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत छाननी झाली आहे. ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला आणि विमान न उडणारं.

"त्या काळी सगळ्यांना पाणी मिळत होतं," असंही आपण म्हणालात. टाळ्या पडल्या. सगळ्यांना? मग 1868 साली जोतिराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला का करावा लागला? याच पुण्यात, साहेब. नळ शंभर वर्षांहून जुना झाला होता आणि तरीही काही माणसांना एका माळ्याच्या घरी पाणी भरावं लागत होतं. माझी आजी कुणाच्या हौदावर किती लांब उभी राहायची, ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर पत्र भलतीकडे जाईल. आधीच गेलंय.

रोमचंही तेच. नातवाच्या प्रोजेक्टसाठी वाचलं. इसवी सन 97 मध्ये तिथल्या पाणीपुरवठ्यावर फ्रंटिनस नावाचा अधिकारी नेमला गेला. ज्या कालव्यांची चित्रं आपण पुस्तकात बघतो, त्यांनाच लोकांनी चोरून नळ्या जोडल्या होत्या आणि खात्यातली माणसं सामील होती. त्याने ते शोधून काढून लिहून ठेवलं. आपल्याकडे रात्री अडीच वाजता टँकर कुठून भरतात, हे आमच्या वॉचमनलासुद्धा माहीत आहे. लिहून कोण ठेवणार? इतिहासाला निविदा लागत नाही, ठेकेदार लागत नाही, बिल थकत नाही, म्हणून सगळे तिकडेच पळतात. तुम्ही एकटेच नाही. तुमच्या आधीचे पळाले, विरोधातलेही पळतात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर पुष्पक विमान रोज सकाळी सात वाजता उतरतं, नळ कोरडा असताना.

मागण्या निवेदनात आहेत, पुन्हा लिहीत नाही, हात दुखतो. एक मात्र नवी आहे. आपला पुढचा दौरा ठरला की टँकरवाल्याला आदल्या दिवशी कळवा, म्हणजे तो पहाटेच येऊन जाईल. त्याचा नंबर निवेदनाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिला आहे. पुष्पगुच्छ उचललात की सापडेल.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक
आंबेगाव बुद्रुक, पुणे