बोग्स यांचा खेळही सांगा

आपल्या क्रीडा पुरवणीतील अमेरिकी बास्केटबॉलपटू मग्सी बोग्स यांच्यावरील लेख त्यांच्या उंचीपलीकडे गेलाच नाही, याची खंत वाटली. ५ फूट ३ इंच उंचीचा हा खेळाडू एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये १४ हंगाम टिकला, तो नवलाई म्हणून नव्हे. ८८९ सामन्यांत ६,७२६ असिस्ट (सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारे पास), आणि चेंडू गमावणे मात्र क्वचितच! समोरच्याने टप्पा दिलेला चेंडू जमिनीलगत असतानाच ते हात घालून पळवत. उंच खेळाडूला तिथवर वाकेपर्यंत उशीर होतो. २००५ मध्ये ते शार्लट स्टिंग या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, त्याचाही उल्लेख नाही. शालेय निवड चाचणीत केवळ उंची मोजून मुलांना परत पाठवणाऱ्या आपल्याकडील प्रशिक्षकांनी बोग्स यांचे जुने सामने अवश्य पाहावेत.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, सांगली