कमी बजेटच्या चित्रीकरणात काटकसर कशात करावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाई, मेणवलीचा घाट आणि पाचगणीच्या परिसरात मोठ्या चित्रपटांची युनिट वर्षानुवर्षे येत आहेत. अलीकडे पदरमोड करून, मित्रांकडून उसने घेऊन चित्रपट करणारी तरुण मंडळीही येथे येऊ लागली असून त्यांत आपल्या जिल्ह्यातील मुले-मुली आहेत, याचा प्रॉडक्शनची व्यवस्था पाहणारा म्हणून मला मनापासून आनंद आहे. मात्र पैसे अपुरे पडू लागले की कात्री कोठे लागते, हे पाहून तितकीच काळजी वाटते.

ही कात्री सर्वांत आधी माणसांच्या झोपेला लागते. कॅमेरा आणि लाइट लवकर परत केले तर एका दिवसाचे भाडे वाचते, म्हणून रात्री दोनला पॅकअप झाल्यावर पहाटेपासून ताटकळलेला ड्रायव्हरच टेम्पो घेऊन खंबाटकी घाटाच्या रस्त्याला लागतो आणि सामानाबरोबर आलेले अटेंडंट मागे पेट्यांना टेकून पेंगत असतात. एवढा धोका पत्करण्याइतके ते भाडे मोठे नसते. रात्रीचा मुक्काम आणि पॅकअपपासून पुढच्या कॉलपर्यंतची, म्हणजे सेटवर हजर होण्याच्या वेळेपर्यंतची, दहा-बारा तासांची विश्रांती हा खर्च बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरलाच पाहिजे.

विजेचेही तसेच. जनरेटर परवडत नाही म्हणून जुन्या वाड्यातल्या घरगुती जोडणीवर लाइट लावले जातात. हजार वॅटचा एक दिवा 230 व्होल्टला सव्वाचार अँपिअरपेक्षा थोडा जास्तच प्रवाह घेतो; असे दोन दिवे पाच अँपिअरच्या एकाच सॉकेटवर जोडले की वायर तापणार, आणि वरती तर सगळे लाकूडकाम. परवानाधारक वायरमनकडून मीटरपासून एमसीबीसह (भार वाढताच वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचसह) वेगळी लाइन घ्यावी, नाहीतर दोनशे वॅटच्या एलईडीवर भागेल असाच सीन लिहावा.

साहित्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी, आणि तिला मानधन असावे. चलानावरची प्रत्येक वस्तू ताब्यात घेताना तपासणे, वापरलेल्या बॅटरीला लाल टेप लावून ती वेगळी ठेवणे, कॅमेऱ्याचे भरलेले मेमरी कार्ड दोन स्वतंत्र हार्ड डिस्कवर उतरवून फाइल उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅट न करणे, ही कामे दिसायला किरकोळ आहेत. पण ती चुकली तर कलाकारांच्या तारखा पुन्हा मिळत नाहीत. प्रत्यक्षात मात्र ‘शिकायला मिळेल’ म्हणून बोलावलेला मुलगा सकाळी चहा देतो, दुपारी बूम (माइकची लांब काठी) धरतो आणि रात्री डोळे मिटत असताना डेटा कॉपी करतो. अशाने तो कोणतेच काम धड शिकत नाही. तीस जणांच्या गर्दीऐवजी नेमून दिलेली कामे करणारे बारा जण घ्यावेत आणि त्यांना पैसे द्यावेत. सिने-कामगारांशी लेखी करार करण्याची अट केंद्राच्या कायद्याने 1981 मध्येच घातली होती. मग आपल्याच गावच्या मुलांना निदान एका कागदावर काम, तास आणि रक्कम लिहून द्यायला काय हरकत आहे?

ग्रामपंचायती आणि वाड्यांच्या मालकांनाही माझी विनंती आहे. परवानगी देताना दिवसाच्या भाड्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: विजेची जोडणी कोण करणार, आणि रात्री पॅकअप झाल्यावर ड्रायव्हरसह सगळी माणसे कोठे मुक्काम करणार?

आपला विश्वासू,
एक वाचक, वाई (जि. सातारा)