चोर्ल्याच्या घाटात माझ्या हाती बॅटरी देणाऱ्या मुलीस

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही. पण पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. आपल्या गोव्यात साखळीला, डिचोलीला, फोंड्याला माझ्यासारखे निवृत्त झालेले कितीतरी जण संध्याकाळी व्हरांड्यात बसून असतात. रान ही आता तरुणांची गोष्ट, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं असतं. मीही ठरवलं होतं.

पावसाळी रात्री घाटाचा रस्ता ओलांडणारे बेडूक उचलून पलीकडे ठेवायचे आणि मोजायचे, हे तुझं काम. त्यासाठी तुझ्याकडे येण्याआधी मी रानातल्या कामाचं आणखी एका ठिकाणी विचारून आलो होतो. तिथे वय विचारलं, बासष्ट म्हटल्यावर "काका, तुम्ही चहापाण्याचं बघा" असं सांगितलं. तू वय विचारलंच नाहीस. "रात्री जागता येतं? पावसात चालता येतं?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, चौदा वर्षं याच घाटातून बेळगावची बस चालवली आहे, परतीची बहुतेक रात्रीची. तू डोक्याला बांधायची बॅटरी दिलीस, एक वही दिलीस, आणि म्हणालीस, "मग हा रस्ता तुम्हीच मला दाखवायचा."

केरी सोडली, अंजुणे धरणाचं पाणी मागे पडलं की चढ लागतो. दोन्ही बाजूंना म्हादई अभयारण्याचं रान. 1999 साली ते अभयारण्य झालं, 208 चौरस किलोमीटरचं, हे मला बसच्या काचेतून कधी कळलं नव्हतं. मला फक्त वळणं माहीत होती.

पहिल्या रात्री तू माझे हात हुंगलेस. डासांचं क्रीम लावलं होतं. ओहळात हात धुवायला लावलेस आणि मग समजावलंस, की बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणीही कातडीतूनच पितो, आपल्या बोटांवर जे असेल ते त्याच्या अंगात जातं. म्हणून उचलायचा तो ओल्या, स्वच्छ हाताने. आणि ठेवायचा रस्त्याच्या त्याच बाजूला, जिकडे त्याचं तोंड होतं. सोपं म्हणून जवळच्या कडेला ठेवला तर तो पुन्हा रस्त्यावर येतो. त्याला पलीकडचं पाणी गाठायचं असतं, अंडी घालायची असतात. पावसाच्या पहिल्या रात्री तो त्यासाठीच निघालेला असतो. बॅटरीचा किंवा गाडीचा झोत डोळ्यांवर पडला की तो पळत नाही, आहे तिथेच थिजून बसतो.

हे ऐकलं आणि मी त्या रात्री पुढे काही बोललो नाही. तुला वाटलं मी दमलो.

तिसऱ्या रात्री सांगितलं. मिरगाच्या सरी पडल्या की घाटातला डांबरी रस्ता बेबेंनी, म्हणजे बेडकांनी, भरून जायचा. वायपर चालू, उतार, ओला रस्ता, मागे पन्नास माणसं. तिथे जोरात ब्रेक मारता येत नाही. चाकाखाली काय जातं आहे ते मला कळत होतं. मोठ्या बसमध्ये ते जाणवत नाही असं लोक म्हणतात, पण पहिल्या पावसात ते ऐकू येतं. मी चौदा पावसाळे ते ऐकलं आणि घरी कुणालाही सांगितलं नाही.

तू माझी समजूत घातली नाहीस, दोषही दिला नाहीस. वही उघडलीस आणि विचारलंस, "कुठल्या कुठल्या वळणावर, काका?"

बाय, त्या एका प्रश्नासाठी हे सगळं पत्र आहे.

मी सांगत गेलो. गाडी सेकंडला घ्यावी लागते ते वळण, त्याच्या खालचं मोरीचं वळण, आणि कड्यावरून बाराही महिने पाणी झिरपतं ती जागा. तू तिन्ही ठिकाणी खुणा केल्यास. दुसऱ्या दिवशी उजेडी आपण जाऊन पाहिलं, तर तिन्ही ठिकाणी रस्त्याच्या खालच्या अंगाला पाण्याची डबकी होती आणि वरच्या अंगाला दाट झाडी. मधून गेलेला रस्ता त्यांच्या वाटेवर होता. त्यानंतर आपली मोजणी त्या जागांवरून सुरू झाली. वेळ, पाऊस किती, जात कुठली, जिवंत की मेलेला. मेलेलाही लिहायचा, हे तू मला शिकवलंस. सुरुवातीला माझा हात थांबायचा.

मग कान. मी इंजिनाचा आवाज ऐकून लायनर गेला की बेल्ट सैल आहे ते सांगायचो. तू म्हणालीस, तोच कान इथे लावा. आता अंधारात झुडपातून टक-टक-टक आलं की मी ओळखतो, तो नखाएवढा झुडुपी बेडूक. डबक्यावरच्या फांदीला पांढरा फेस दिसला की कळतं, तो मलबारच्या उडत्या बेडकाचा. मादी मागच्या पायांनी घुसळून घुसळून तो फेस करते, अंडी त्यातच असतात. पिल्लं तयार झाली की पावसाबरोबर खालच्या पाण्यात पडतात. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. घरी येऊन बायकोला उठवून सांगितलं.

देवगांडुळाचंही तसंच. ते बेडकाचंच बिनपायाचं भावंड. इतकी वर्षं रस्त्यावर दिसलं तर गांडूळ म्हणून सोडून दिलं. त्याला कणा असतो, दात असतात, ओल्या मातीत आई अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, आणि केरीच्या मातीत सापडलेल्या एका जातीला 2007 साली गोव्याचंच नाव मिळालं. माझ्या बसचा थांबा होता ते गाव.

जळवा, ताप, आणि सुजलेला गुडघा यांबद्दल काय लिहू. गुडघा दुखला त्या आठवड्यात तू मला घरी न पाठवता मोरीवर खुर्ची टाकून दिलीस आणि म्हणालीस, बसून ऐका, आवाज लिहा. त्या वहीची पानं अजून माझ्याकडे आहेत. ती तुला द्यायची आहेत.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं. माझ्यासोबत कामाला असलेला एक ड्रायव्हर अजून याच रस्त्यावर आहे. त्याला मी ती तीन वळणं दाखवली. गेल्या पावसात त्याचा रात्री फोन आला. सेकंड वळणाच्या आधीच गाडी हळू केली होती म्हणाला, आणि कंडक्टर छत्री घेऊन खाली उतरला होता.

मिरगाच्या आधी बॅटरी चार्ज करून ठेवतो. निरोप धाड.

तुझा,
काका