मायक्रोआरएनए : शोध मोठा, औषध अजून दूर

संपादक महोदय,

मायक्रोआरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल मिळाल्यापासून कर्करोगावर आता लवकरच औषध येणार, असा समज पसरतो आहे. रुग्णांच्या घरी अशा वाक्याचा फार आधार घेतला जातो, म्हणून हे पत्र.

मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतील सुमारे २२ रासायनिक 'अक्षरांचे' छोटे रेणू; ते जनुकाचा संदेश अडवतात आणि प्रथिनांच्या निर्मितीला आवर घालतात. २००२ मध्ये कर्करोग संशोधक कार्लो क्रोचे यांच्या गटाला दिसले, की दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांत मिर-१५ आणि मिर-१६ हे मायक्रोआरएनए नाहीसे किंवा कमी झालेले असतात. ते नसले की बीसीएल-२ हे प्रथिन वाढते आणि मरायला हवी ती पेशी जगत राहते. उलट मिर-२१ कर्करोगाच्या अनेक गाठींत वाढलेला असतो. म्हणजे सगळेच मायक्रोआरएनए 'चांगले' नव्हेत!

मिर-३४ या मायक्रोआरएनएवर आधारित कर्करोगावरील औषधाची माणसांवरील चाचणी गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. हेही छापून यायला हवे. कृपया प्रत्येक बातमीत प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, हे पहिल्याच परिच्छेदात द्यावे.

– एक वाचक, सातारा